सर हम्फ्रींचं वाक्य आणि पडद्यावर फिरणारा लोगो : ‘येस मिनिस्टर’चा डीव्हीडी संच, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात प्लेअरने ‘पार्टी गेम्स’ची डिस्क गिळली आणि परत द्यायला नकार दिला, म्हणून हे लिहायला बसलो. एरवी संचाबद्दल चार चांगले शब्द लिहायचे बरेच दिवस मनात होते, ते अजूनही आहेत. पण आधी प्लेअरचं बघू.

संच बीबीसीचा. ‘येस मिनिस्टर’ आणि ‘येस, प्राइम मिनिस्टर’ दोन्ही एकत्र, 1984 चा नाताळचा तासाभराचा भाग ‘पार्टी गेम्स’ धरून एकूण 38 भाग. मंत्री जिम हॅकर आणि त्यांना शब्दांत गुंडाळणारे खात्याचे सचिव सर हम्फ्री यांची ही ब्रिटिश विनोदी मालिका; याहून जास्त सांगत बसत नाही. ज्याला माहीत नाही तो डीव्हीडी संचाचा अनुभव वाचायला येणार नाही. भाचा इंग्लंडहून येताना घेऊन आला. त्याने किंमत सांगितली नाही, मीही विचारली नाही. प्लेअर मात्र माझ्या पैशांचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या किमतीतले सगळे सारखेच असावेत असा माझा संशय आहे.

माझी नोकरी महसूल खात्यात गेली. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे घरचे हसतात तिथे मी हसत नाही आणि मी हसतो तिथे घरचे माझ्याकडे बघतात. कोणत्या नस्तीवर कुणी काय शेरा मारला असेल, हे मला सर हम्फ्रींनी तोंड उघडायच्या आत कळतं.

सुरुवातीला रिजन कोडने, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी याच्या कुलपाने, छळलं. ब्रिटनची डिस्क रिजन दोनची, भारत रिजन पाचमध्ये. प्लेअरने पहिल्या संध्याकाळी पडद्यावर सूचना दाखवली आणि गप्प बसला. जावयाच्या लॅपटॉपमध्ये घालून बघितली, तर लॅपटॉप म्हणाला रिजन बदलायचा का, आणि बदल फक्त पाच वेळा करता येईल. पाचव्या बदलानंतर ड्राइव्ह त्याच रिजनला कायमचा चिकटतो. जावयाचा लॅपटॉप असल्या कामासाठी खर्ची घालणं बरं दिसलं नसतं. शेवटी भाच्याने फोनवरून रिमोटची काही बटणं क्रमाने दाबायला लावली आणि प्लेअर सगळे रिजन घ्यायला लागला. एक बरं आहे, ब्रिटनची आणि आपली टीव्ही पद्धत एकच, पॅल, 625 रेषांची, त्यामुळे पुढे चित्राची भानगड झाली नाही. अमेरिकेतून मागवणाऱ्यांनी तिथली वेगळी टीव्ही पद्धत एनटीएससी आणि रिजन एक, दोन्ही गोष्टी आधी तपासून घ्याव्यात.

आता मुख्य तक्रार.

सर हम्फ्री बोलतात ते वाक्य नसतं, तो प्रस्ताव असतो. कर्ता पहिल्या ओळीत, क्रियापद कुठेतरी तळाशी आणि मध्ये जोडपत्रं. एकदा ऐकून कुणाला पूर्ण समजलं असेल असं मला वाटत नाही, आणि ते समजू नये हीच त्यात गंमत. म्हणून मी विराम देतो, सबटायटल लावतो आणि दोनशे पानी वहीत वाक्य उतरवून घेतो. सबटायटल एका वेळी दोनच ओळी दाखवतं. म्हणजे एका वाक्याला थांबा, लिहा, पुढे जा, पुन्हा थांबा. अक्षर मोठं करायची सोय नाही, कारण डीव्हीडीवर सबटायटल हा मजकूर नसतो, तयार चित्रं असतात. चष्मा लावून पुढे सरकून बसायचं. हेही मी सहन केलं.

सहन होत नाही तो लोगो. विराम देऊन काही मिनिटं झाली, की पडदा काळा होतो आणि कंपनीचं नाव इकडून तिकडे फिरायला लागतं. मी वाक्याच्या तिसऱ्या ओळीवर, पेन हातात, आणि समोर सर हम्फ्रींच्या जागी कंपनी! बटण दाबलं की चित्र परत येतं, पण आमचा प्लेअर विराम सोडून थेट चालूच होतो. मग मागे जा. मागे जाताना सबटायटल दिसत नाही. म्हणजे अंदाजाने थांबायचं, चालू करायचं आणि ती दोन ओळींची पट्टी पुन्हा यायची वाट बघायची. तेवढ्यात वाक्याचा कर्ता कोण होता, ते मी विसरलेलो असतो.

हा प्रकार जुन्या काळच्या काचेच्या नळीच्या टीव्हींसाठी होता. त्यांच्यावर एकच चित्र फार वेळ थांबलं तर डाग उमटायचा, म्हणून पडदा हलता ठेवायचा. आमचा टीव्ही एलसीडी. नळी गेली, डाग जवळपास गेला, लोगो मात्र सेवेत कायम. सेटिंगमध्ये तो बंद करायची सोय आहे. बंद केला की त्या दिवसापुरता बंद. वीज गेली, अगदी मिनिटभर जरी, की प्लेअर सगळं विसरतो आणि लोगो पुन्हा हजर. इंदिरानगरमध्ये पावसाळ्यात वीज किती विश्वासू असते, हे नाशिककरांना सांगायला नको.

आमची ही म्हणते, मोबाइलने फोटो काढा ना पडद्याचा. सल्ला रास्त आहे. पण मी आयुष्यभर मसुदे हाताने उतरवले. हाताने उतरवलं की वाक्य कुठे वळतं ते कळतं, कुठे ‘तथापि’ आला आणि आधीचं सगळं रद्द झालं ते कळतं. फोटोत काय कळणार? फोटो फोनमध्ये पडून राहतो. हिचं म्हणणं, वहीसुद्धा कपाटात पडूनच असते. यावर मी अभिप्राय दिलेला नाही.

मालिकेबद्दल पहिल्या काही आठवड्यांत माझं मत जरा वेगळं होतं. दोन गोष्टी खटकायच्या. एक, मागचं हसणं. मला वाटायचं नंतर चिकटवलंय. नंतर लक्षात आलं की ते स्टुडिओत बसलेले खरे प्रेक्षक आहेत. नट त्यांचं हसणं संपायची वाट बघतात आणि सर हम्फ्री झालेले नायजेल हॉथॉर्न त्या वाट बघण्यातही काहीतरी करत असतात. बहुतेक वेळा चेहऱ्यावर फक्त सौजन्य असतं. या एका भूमिकेसाठी त्यांना बाफ्ता हा ब्रिटिश पुरस्कार चार वेळा मिळाला. आता हसणं ऐकू आलं की मी मंत्र्यांकडे बघत नाही, यांच्याकडे बघतो.

दुसरं, बर्नार्ड. मंत्र्यांचा हा खासगी सचिव मला आधी भरतीचा वाटला; मध्येच व्याकरणाच्या चुका काढणार आणि गप्प बसणार. संच दुसऱ्यांदा लावला तेव्हा मत पालटलं. सगळ्यांत अवघड खुर्ची त्याचीच. सही मंत्र्यांची, गोपनीय अहवाल सर हम्फ्रींच्या हातात. साहेब दोन, दोघांना एकाच वेळी हो म्हणायचं आणि दोघांनाही खोटं सांगायचं नाही. अशा खुर्चीवर बसलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. ती लवकर पिकतात. डेरेक फाउल्ड्स तो पेच नुसत्या मानेच्या हालचालीने दाखवतात. ते पाहायचं असेल तर तोच प्रसंग दोनदा लावावा लागतो, एकदा बोलणाऱ्याकडे बघायला आणि एकदा बर्नार्डकडे.

आमच्या आणि त्यांच्या व्यवस्थेत एक फरक मात्र पहिल्या भागापासून जाणवतो. तिथे मंत्री येतात-जातात, सचिव त्याच खात्यात मुरलेला. आपल्याकडे 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची, आणि तेवढीही सगळ्यांना मिळते असं नाही. त्यामुळे आपल्याकडचे खरे सर हम्फ्री वरच्या मजल्यावर शोधू नयेत. खाली आवक-जावक टेबलाजवळ शोधावेत. साहेब बदलतात, टेबल राहतं. सिंहस्थाच्या वर्षी हे फार स्पष्ट दिसतं. समितीला उपसमिती, उपसमितीला बैठक, आणि मागच्या सिंहस्थात हे कुणी कसं केलं होतं, ते माहीत असलेला माणूस एकच. तो रजेवर गेला की सगळं ठप्प.

‘द कम्पॅशनेट सोसायटी’ या भागात सेंट एडवर्ड्स नावाचं नवं कोरं रुग्णालय आहे. प्रशासकीय कर्मचारी पाचशे, रुग्ण एकही नाही. आणि ते म्हणे देशातल्या उत्तम चालवलेल्या रुग्णालयांपैकी एक. घरात सगळ्यांना हा भाग अतिशयोक्ती वाटला. मला नाही वाटला. रुग्ण आले की कामात अडथळा येतो, हा युक्तिवाद मी वेगळ्या शब्दांत, वेगळ्या कार्यालयात ऐकलेला आहे.

या मालिकेवरून बेतलेली हिंदी ‘जी मंत्रीजी’ 2001 मध्ये स्टार प्लसवर आली होती. फारुख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. दोघंही उत्तम. पण तेव्हा ती टीव्हीवर बघितली, म्हणजे वाक्य आलं आणि गेलं. थांबवायची सोय नव्हती. हातातल्या डिस्कचा मोठा फायदा मला तोच वाटतो.

चित्राबद्दल थोडक्यात. आतले प्रसंग व्हिडिओवर, बाहेरचे थोडेसे फिल्मवर, त्यामुळे पात्र दारातून बाहेर पडलं की रंग बदलतो. चौकोनी चित्र आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते ताणून पडदा भरायचा प्रयत्न कृपया करू नये, सर हम्फ्री जाड होतात. जरा लांब बसलं की सगळं नीट दिसतं. जेराल्ड स्कार्फच्या शीर्षकातल्या लांब नाकांच्या व्यंगचित्रांवर नातवंडं खूश आहेत. शीर्षकसंगीत लंडनच्या घड्याळाच्या टोल्यांवर बेतलेलं आहे आणि आमच्या हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळही तेच टोले देतं. नऊच्या सुमाराला भाग लावला की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि ही स्वयंपाकघरातून विचारते, किती वाजले?

आता गिळलेली डिस्क. बटण दाबलं की आत मोटार घुर्र करायची, ट्रे जागचा हलायचा नाही. संगणकाच्या ड्राइव्हला टाचणी घालायचं भोक असतं, याला तेही नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तक्रार नोंदवली गेली, क्रमांक आला. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही, पण मेसेज आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. फोन केला, तर सिस्टममध्ये क्लोज दाखवतंय, सर. मी म्हटलं, सिस्टममध्ये क्लोज असेल, माझा ट्रेसुद्धा क्लोजच आहे. पलीकडचा मुलगा हसला नाही.

मग स्वतः प्लेअर पिशवीत घालून गेलो, सोबत विषय आणि संदर्भासह पत्र. काउंटरवरच्या मुलीने पत्र वाचलं, ठेवून घेतलं. मी पोच मागितली. ती म्हणाली, पोच नसते काका, मेल करा. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणाचं पत्र पोच न देता घेतलं नाही, अगदी ज्याचं काम होणार नव्हतं त्याचंही! शेवटी उत्तर मिळालं की या मॉडेलचे सुटे भाग येत नाहीत, नवीन घ्या, नव्यावर काही सूट बघता येईल. बघता येईल! सर हम्फ्रींनी याहून वेगळं काय सांगितलं असतं?

डिस्क निघाली ती भद्रकालीत, रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका गाळ्यात. तिथल्या वयस्कर कारागिराला आजूबाजूचे उस्ताद म्हणतात. त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले, आत एका लहानशा चाकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “पट्टा ढिला पडलाय, काका. मोटार फिरते, ट्रेला कळत नाही.” लहान मुलीच्या अंगठीएवढा काळा रबरी पट्टा. उन्हाळ्यात रबर सैल होतं आणि चाकावरून घसरतं. त्यांनी बोटाने चाक फिरवून ट्रे बाहेर काढला, डिस्क माझ्या हातात दिली, चाक स्पिरिटने पुसलं, डब्यातून नवा पट्टा काढून बसवला आणि भिंगावरूनही कापूस फिरवला. जुना पट्टा कागदात गुंडाळून परत दिला. पैसे घेतले एकशेवीस. लोगोचं विचारलं, तर म्हणाले, ते कंपनीने आतच लिहिलंय, त्याला पट्टा नाही.

संच घ्यायचा का? जुना मिळाला तरी घ्या. डिस्कवर बारीक ओरखडे असले तर घाबरायचं कारण नाही, खोल आणि गोलाकार चर असला तर मात्र नको. डबा उघडून मधले प्लॅस्टिकचे दात बघा. ते तुटलेले असले की डिस्क आत खुळखुळते आणि ओरखडे तिथेच पडतात. आधी ‘येस मिनिस्टर’ पूर्ण बघा, मग ‘पार्टी गेम्स’, मग पंतप्रधान. क्रम मोडला तर हॅकर वर कसे चढले याची मजा जाते. प्लेअर घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा : सगळे रिजन घेतो का, आणि स्क्रीन सेव्हर, म्हणजे तो फिरता लोगो, बंद केला तर वीज गेल्यावरही बंदच राहतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत नसणार. दुकानातच प्लग काढून, परत लावून बघा.