रात्रीचा डंपर रोखायला अडसर की कॅमेरा?

रात्री दोनच्या सुमारास डंपर येतो, तिवरांच्या (खारफुटीच्या) कडेला हौदा उचलतो आणि पाच मिनिटांत निघून जातो. सकाळी तिथे फुटक्या लाद्या, विटा आणि सिमेंटचा ढीग. मुंबईतल्या गोराई-मनोरीसारख्या खाडीकाठच्या गावात वर्गणी काढून काही करायचं ठरलं की दोन मतं पडतात: वाटेवर अडसर घाला, नाहीतर कॅमेरा लावा. पैसे एकापुरतेच असतील तर मी अडसर म्हणेन.

कॅमेरा झालेला प्रकार दाखवतो. नंबरपाटी चिखलाने माखलेली असेल आणि हेडलाइट समोरून येत असेल, तर तेवढंही दिसत नाही. रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. ते वेळेत काढून पोलिसांकडे न्यायला आणि तक्रारीवर स्वतःचं नाव घालायला माणूस लागतो. तोवर भराव पडलेला असतो. भरतीचं पाणी अडलं की तिवरं उभ्याउभ्या वाळतात, मागोमाग निवटे आणि चिंबोऱ्या जातात.

अडसर म्हणजे दगड टाकून वाट बुजवणं नव्हे. त्याच वाटेने रुग्णवाहिका यायची असते, जाळ्यांचा टेम्पोही. कुलूप लावता येईल असा आडवा लोखंडी खांब बरा, किल्ल्या वाटेच्या तोंडाशी राहणाऱ्या दोन घरांत. पण आधी जमीन कुणाची ते काढा: महापालिका, जिल्हाधिकारी की वनविभाग? त्यांची लेखी परवानगी नसेल तर खांब बेकायदा तुमचाच ठरेल.

वाट रुंद असेल किंवा शिरायला तीन-चार जागा असतील, तर मात्र कॅमेराच. तो वळणावर, गाडी हळू होते तिथे, पाटीच्या उंचीवर लावा. तक्रारीत तारीख, वेळ, जागा लिहा आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचा उल्लेख करा. तिवरांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं त्यात म्हटलंय.

आणखी एक, बोलायला अवघड. काही गोण्या आपल्याच आळीतून जातात. घरदुरुस्तीचा राडारोडा नेण्यासाठी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे; दहिसर आणि शिळफाट्याला रोज प्रत्येकी ६०० टन क्षमतेची प्रक्रिया केंद्रं आहेत. खांबाला कुलूप लागण्याआधी ही माहिती घरोघरी पोचवा. नाहीतर खांबाची किल्ली मागायला पहिला येईल तो शेजारीच, आणि त्याला नाही म्हणणं कुणालाच जमणार नाही.