एका वाढदिवसाच्या डावावर पारखलेले ‘लिचेस’

गुहागरमध्ये शनिवार-रविवारी मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि गेली चार वर्षे त्यासाठी ‘लिचेस’ हे संकेतस्थळ वापरत आहे. त्यातील ‘स्टडी’ या सोयीविषयी, म्हणजे डाव मांडून, टिपा लिहून धडे तयार करता येतात त्या भागाविषयी, मी एकाच दिवसाच्या खेळाच्या आधारे लिहीत आहे. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये मॅग्नस कार्लसनने सर्गेई कार्याकिनला हरवून जगज्जेतेपद राखले, आणि त्याच दिवशी त्याला २६ वर्षे पूर्ण झाली होती.

हा दिवस निवडण्यामागे एक कारण होते. माझी सहावीतली एक विद्यार्थिनी वाढदिवसाला रत्नागिरीच्या स्पर्धेत खेळायला तयार नव्हती. घरी आई ओवाळणार, संध्याकाळी मैत्रिणी येणार, आणि आपण मात्र दिवसभर घड्याळ दाबत बसायचे, हे तिला पटत नव्हते. तिची समजूत काढत बसण्यापेक्षा व्यावसायिक खेळाडूचा असा दिवस कसा जातो ते पटावरच दाखवावे, म्हणून मी त्या दिवशीचे चारही डाव स्टडीच्या चार चॅप्टरमध्ये मांडले.

बारा डावांनंतर गुण ६-६ असे समान झाल्याने निकाल जलद डावांवर आला होता. प्रत्येकाला २५ मिनिटे आणि दर खेळीमागे १० सेकंद. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. त्यातही दुसऱ्यात कार्लसनच्या हाती आलेला विजय कार्याकिनने, राजाला शह नाही आणि खेळायला खेळीही नाही, अशी स्थिती साधून हिरावला. तिसरा डाव कार्लसनने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. चौथ्यात कार्लसन पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता आणि काळ्याचा वजीर एफ२ वर व हत्ती ए२ वर (ही पटावरच्या घरांची नावे) येऊन ठेपला होता, म्हणजे पांढऱ्याची एक खेळी जरी वाया गेली असती तरी मात त्याच्यावरच होती. कार्लसनने हत्ती सी८ वर नेऊन शह दिला, राजा एच७ वर सरकला, आणि ५० व्या खेळीला त्याने वजीर थेट एच६ वर नेऊन ठेवला. राजाने तो मारला तर हत्ती एच८ वर येऊन मात. प्याद्याने मारला तर दुसरा हत्ती एफ७ वरचे प्यादे मारून मात. कार्याकिनने तिथेच डाव सोडला.

स्टडीची खरी किंमत मला इथे कळली. धडा संवादी केला की पुढच्या खेळ्या झाकल्या जातात, मुलाला योग्य खेळी स्वतः शोधावी लागते, आणि चुकीच्या खेळीवर शिक्षकाने लिहून ठेवलेली सूचना दिसते. तिने आधी हत्तीने एफ७ वरचे प्यादे मारले. त्यावर मी मराठीत लिहिलेले वाक्य आले: ‘काळ्याचा वजीर एफ१ वर आला तर?’ ती बराच वेळ गप्प होती. मग वजीर एच६ वर ओढला, पण बोट स्क्रीनवरून उचलेना.

ही सगळी सेवा विनामूल्य आहे आणि देणग्यांवर चालते. त्यात जाहिराती नाहीत, आणि मुलांच्या हातात फोन देताना मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. खेळ्या म्हणजे शेवटी चार ओळींचा मजकूर. त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडे व्हिडिओ अडकत असतानाही डाव उघडतो. धडा मात्र संगणकावर बसून तयार करावा, आणि इंजिन, म्हणजे कोणाची बाजू किती वरचढ ते गुणांनी दाखवणारी संगणकप्रणाली, मुलांसाठी आठवणीने बंद ठेवावे, नाहीतर त्यांचे डोळे पटावर कमी आणि गुणांच्या पट्टीवर जास्त राहतात. घड्याळाचा ताणही स्टडीत अंगावर येत नाही. तो यावा म्हणून मी शेजारी खरे घड्याळ लावतो.

ती स्पर्धेला गेली. सगळ्या फेऱ्या खेळली, आणि औक्षण रात्री नऊ वाजता झाले. दुसऱ्या दिवशी तिने नोंदवहीतला स्वतःचा हरलेला डाव त्याच स्टडीत पाचवा चॅप्टर म्हणून भरला आणि जिथे चुकली त्या खेळीवर स्वतःच सूचना लिहिली.