मे महिना, फ्रेंच पुस्तक आणि आमचं नागपूरचं स्वयंपाकघर

आमच्या घरी स्वयंपाक शिकायचा तर एकच अडचण. आई माप सांगत नाही. "दिसते न बाप्पा, तेल सुटलं की झालं." ३४ वर्षं बँकेत कॅश जुळवलेल्या माणसाला हे कसं झेपावं? शेवटी लेकीनं 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' हातात ठेवलं. पुस्तक १९६१ चं. ज्युलिया चाइल्ड, सिमोन बेक आणि लुइझेट बेर्तोल या तिघींनी लिहिलेलं, तेही घरी नोकर नसलेल्या अमेरिकन माणसासाठी.

पहिल्यांदा चाळलं तेव्हा निराशाच झाली. फोटो नाहीत, नुसती रेखाचित्रं. पण मांडणी खतावणीसारखी आहे. डावीकडे साहित्य, उजवीकडे कृती, आणि ज्या पायरीला जे लागतं ते तिच्या शेजारीच. मला इथंच पुस्तक आवडलं.

सुरुवात कांद्याच्या सूपनं केली, कारण कांदा घरात असतोच. दीड पौंड म्हणजे साधारण ६८० ग्रॅम कांदा, पातळ उभा चिरलेला. लोणी आणि थोड्या तेलात, झाकण ठेवून, मंद आचेवर १५ मिनिटं. मग मीठ, अर्धा चमचा साखर (रंग धरायला), आणि पुढे ३०-४० मिनिटं परतत राहायचं. विसाव्या मिनिटाला कांदा नुसता पिवळट, लिबलिबीत. वाटलं, बिघडलं. आई दारात येऊन म्हणाली, "काऊन रे, एक कांदाच परतून राहिला का सकाळपासून?" पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास मात्र तो एकदम आटला, कढईच्या बुडाला तपकिरी थर धरू लागला आणि घरभर गुळाच्या पाकासारखा वास सुटला. सावजीचा कांदा मोठ्या आचेवर भाजतात, त्याला हा गोडवा येत नाही. त्याचं काम वेगळं.

नंतर तीन मोठे चमचे मैदा, तीन मिनिटं परतून. बीफच्या स्टॉकऐवजी (हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी) मी मटणाचं अळणी पाणी घातलं, अर्धा कप नाशिकची व्हाइट वाइन, आणि वर पावाच्या कापा. त्यावर घालायचं ग्रुयेर हे स्विस चीज धरमपेठेत एका दुकानात दिसलं, भाव वाचून परत ठेवलं. प्रोसेस्ड चीजनं काम भागत नाही, वर रबर तरंगतं. चीज न घालताच खा.

पुस्तकाचं खरं मोल पांढऱ्या सॉसच्या पानांवर कळतं. दोन चमचे लोणी, तीन चमचे मैदा, दोन कप दूध. मैदा लोण्यात परतायचा, पण रंग येऊ द्यायचा नाही, मग गरम दूध एकदम ओतून घोटायचं. एवढं बसलं की चीज घालून मोर्ने सॉस, आणि पुढे बऱ्याच गोष्टी त्यातूनच निघतात. पिठल्याच्या गुठळ्या मोडणाऱ्या हाताला हे नवीन नाही, फक्त इथं गुठळी का होते ते कळतं.

तक्रारी आहेतच. वजनं पौंड-औंसात, तापमान फॅरनहाइटमध्ये. ३५० म्हणजे आपले १७७, हे मी ओव्हनवर चिकटवून ठेवलंय. लोणी बिनमिठाचं आणा, नाहीतर मीठ दुप्पट होतं. माझं पहिलं सॉस त्यापायीच गेलं.

आणि टार्टचं पीठ! (टार्ट म्हणजे आत सारण भरून भाजलेली खुसखुशीत उघडी पारी.) आपण करंजीला कडकडीत मोहन घालतो, म्हणजे तेल पिठाच्या कणाकणाला लागून चिवटपणा येत नाही. इथं नेमकं उलट. लोणी गारच हवं, बोटांच्या टोकांनी चोळून ओट्सच्या पाकळ्यांएवढे तुकडे राहू द्यायचे, कारण ते ओव्हनमध्ये वितळले की तिथं पापुद्रा सुटतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलर धापा टाकतोय, आणि लोणी फ्रिजमधून परातीत येईपर्यंतच घाम गाळू लागलं. हाती आला तो तेलकट गोळा. त्याच्या शंकरपाळ्या करून टाकल्या, बऱ्या झाल्या.

घ्यावं का? ज्यांना स्वयंपाक येतो आणि कारण जाणून घ्यायचंय त्यांनी जरूर घ्यावं. शाकाहारी घराला बरीच पानं उलटून पुढे जावं लागेल. सूप आणि सॉस बारमाही चालतात. टार्टची पानं मी रबर लावून ठेवली आहेत, डिसेंबरात उघडीन.