पिकासो ट्रिगरफिश: मासा उत्तम, दुकानाचा सल्ला अपुरा

सव्वा वर्षापूर्वी कुर्ल्यातील एका दुकानातून मी पिकासो ट्रिगरफिश हा खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळायचा समुद्री मासा विकत घेतला. तेव्हा तो जेमतेम सात सेंटिमीटरचा होता आणि त्याचे १,८०० रुपये पडले. दुकानाचे नाव देत नाही. मात्र तिथे काय चांगले मिळाले आणि काय वाईट, ते सांगतो.

मासा निरोगी होता, आणि त्याचे श्रेय दुकानदाराला दिलेच पाहिजे. पैसे घेण्याआधी त्याने माझ्यासमोर माशाला कोळंबीचा तुकडा खायला घातला आणि नंतर जाळी न वापरता त्याला प्लास्टिकच्या मगमध्ये धरले. याला कारण आहे. धोक्याची चाहूल लागली की हा मासा पाठीवरचा पहिला काटा ताठ उभा करतो आणि त्यामागचा छोटा काटा त्याला अशी खीळ घालतो, की तो छोटा काटा दाबल्याशिवाय मोठा खाली बसतच नाही. ‘ट्रिगर’ हे नाव त्यावरूनच पडले. असा काटा जाळीत अडकला, तर सोडवताना माशाचे हाल होतात. दुकानात खऱ्या प्रवाळाऐवजी सिरॅमिकचे दगड होते, हेही नमूद करायला हवे, कारण आपल्याकडे प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

तक्रार सल्ल्याबद्दल आहे. ‘तीन फुटी टाकीत आरामात राहील,’ असे मला छातीठोकपणे सांगण्यात आले. लक्षद्वीपच्या उथळ, खाऱ्या पाण्याच्या सरोवरांतही (लगून) आढळणारा हा मासा निसर्गात तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर हिंडत असतो; त्याला किमान साडेचारशे-पाचशे लिटर पाणी लागते. माझा मासा आज तेरा सेंटिमीटरचा आहे, आणि त्याच्यापायी मला सहा फुटी टाकी, मोठा प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारे यंत्र) आणि पाणी थंड ठेवणारा चिलर घ्यावा लागला. एप्रिल-मेमध्ये आमच्या घरात टाकीचे पाणी एकतीस अंशांवर जाते आणि ते पंचवीस-सव्वीसवर ठेवायचे असते, म्हणून चिलरला पर्याय नव्हता. माशाच्या किमतीपुढे हा खर्च किती झाला, ते घरात अजून सांगितलेले नाही.

त्याहून वाईट म्हणजे त्याच दिवशी मला दोन क्लीनर श्रिम्प, म्हणजे टाकीत पाळायच्या छोट्या कोळंब्या, ‘एकत्र राहतील’ म्हणून विकण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर फक्त त्यांच्या पांढऱ्या मिशा उरल्या होत्या. ज्या माशाचे निसर्गातले खाणेच कोळंबी, खेकडे आणि समुद्री साळिंदर (सी अर्चिन), त्याच्या शेजारी कोळंबी सोडायला सांगणारा एक तर अडाणी असतो किंवा हुशार विक्रेता.

खाण्याबाबतही दुकानाने मऊ गोठवलेल्या वड्याच पुढे केल्या. ट्रिगरचे दात सतत वाढतात आणि ते झिजण्यासाठी कवच फोडावे लागते. मी कोळणीकडून तिसऱ्या आणतो, धुऊन फ्रीझरमध्ये ठेवतो आणि आठवड्यातून दोनदा शिंपल्यासकट देतो; तो कडकड आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. हिटरची वायर मात्र नळीतून न्या, कारण त्याने ती एकदा चावून पाहिली आहे. रात्री तो कपारीत चक्क कुशीवर झोपतो. पहिल्या रात्री मेला समजून मी दिवा लावला होता.

माशाला पाचपैकी पाच गुण, दुकानाला अडीच. गेल्या महिन्यात समुद्री मीठ आणायला गेलो, तेव्हा तोच दुकानदार एका तरुणाला पिकासोसाठी तीन फुटी टाकी दाखवत होता. मी मोबाइलवरचा माझ्या माशाचा फोटो त्या मुलासमोर धरला. त्याने टाकी घेतली नाही, आणि मला मिठाच्या बादलीवर नेहमीची सूट मिळाली नाही.