आशाताईंच्या घरभेटी: माझा अनुभव

बाळंतपणाला माहेरी, सांगोल्याजवळच्या वस्तीवर होते. लेकीचं वजन भरलं १ किलो ९०० ग्रॅम. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात, फुकट. तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यातच होतो, त्यामुळे आमची पहिली भेट सातव्या दिवशी.

ताईंनी आल्याआल्या साबणाने हात धुतले. बाळाला झोळीत घालून काट्याला टांगलं (आई तर मटकन खालीच बसली!), काखेत थर्मामीटर लावला, मग घड्याळ बघत मिनिटभर श्वास मोजले. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर थेट दवाखाना गाठायचा, हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. आजी मधाचं बोट चाटवायच्या तयारीत होती. ताईंनी वाद घातला नाही. वाटी हळूच बाजूला सरकवली, लेकीला माझ्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून शाल पांघरली. म्हणाल्या, "आजी, ही बिनधुराची शेगडी!" आजी हसली, मध फडताळात गेला.

तक्रारही आहे. माझी नोंद सासरच्या गावात, त्या घोळात २१व्या दिवसाची फेरी बुडाली. काटाही जुनाट. आणि सगळ्या फेऱ्यांचे मिळून ताईंना २५० रुपये! आमची मालिशवाली याहून जास्त घेते, आणि तिचं घेणं बरोबरच आहे.

४२व्या दिवशी काटा २ किलो ८००वर थांबला. आजीने तीनदा वाचायला लावला.