थर्मोकोलचा पेला की थर्मास? उदासिनीकरणाची उष्णता मोजण्याआधी

आम्ल आणि आम्लारी एकमेकांत ओतल्यावर किती उष्णता निघते हे मोजायचंय, भांडं कोणतं घ्यावं? माझं मत थर्मोकोलच्या पेल्याला, पण एका अटीवर.

१ मोलर (लिटरमध्ये एक मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली आणि १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिली मिसळलं की तापमान साधारण ६.८ अंश चढतं. म्हणजे आम्लाच्या मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल. काचेचा बीकर इथे बादच. १०० ग्रॅमचा बीकर पूर्ण तापायला अंशामागे ८० ज्यूल खातो, आतल्या द्रावणाला लागतात ४१८. पेला भरतो दोन-तीन ग्रॅम, त्याचा वाटा सोडून दिला तरी चालतं. फक्त तो कलंडतो, म्हणून बीकरमध्ये बसवायचा.

थर्मास उष्णता बाहेर जाऊ देत नाही हे खरं. पण त्याची आतली काच स्वतः उष्णता घेते आणि ती किती, हे गरम-थंड पाणी मिसळून आधी काढावं लागतं. शिवाय ही अभिक्रिया ढवळता ढवळताच संपते. तासन्‌तास ऊब धरणाऱ्या भांड्याचं इथे काय काम? पेल्याला झाकण लावा, दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपा आणि आलेखावरची उतरती रेषा मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे ओढा. गळती भरून निघते.

अट आहे तापमापीची. १ अंशाच्या खुणांवर अर्धा अंश चुकला की उत्तर सात टक्क्यांनी हललंच. ०.१ अंशाचा हवा.

ॲसेटिक आम्लासारखी सौम्य आम्लं ताडून पाहायची असतील तर मात्र मी थर्मास घेईन. अशा आम्लाचे रेणू आयनांत फुटताना थोडी उष्णता खर्च होते, त्यामुळे मोलमागे एक-दोन किलोज्यूल कमी मिळतात. तापमानात तो फरक जेमतेम ०.२ अंशाचा, तिथे पेल्याची गळती नडते.

आणि भांड्यापेक्षा घाई जास्त नडते. मी एकदा ताजं विरघळवलेलं, अजून कोमट असलेलं सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं, सुरुवातीचं तापमान मात्र फक्त आम्लाचं घेतलं होतं. उत्तर आलं मोलमागे ६५ किलोज्यूल! तेच द्रावण बूच घट्ट लावून रात्रभर आम्लाशेजारी ठेवलं, सकाळी पुन्हा मोजलं, तर ५६.