सॉलिड लाकडाचं युकुलेले: खाडीकाठच्या हवेत ओहाना सीके-३५ घ्यावं का?

प्लायच्या, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेल्या (लॅमिनेट) लाकडाच्या युकुलेलेवर (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) हात बसला, की पुढची पायरी म्हणून ओहाना कंपनीचं सीके-३५ विचारात घेण्यासारखं आहे. आकार कॉन्सर्ट (मध्यम), स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी सुमारे १५ इंच, आणि पुढची फळी, पाठ, बाजू असं सगळं सॉलिड, म्हणजे अखंड महोगनी लाकडाचं. आवाज उबदार, मधल्या सुरांत भरलेला. हलकं छेडलं तर हलकं बोलतं, जोर लावला तर खुलतं. प्लायचं वाद्य दोन्ही वेळा जवळपास तेवढंच वाजतं. हा फरक बोटांनी सुटे सूर वाजवणाऱ्याला लगेच कळतो. नुसत्या कॉर्ड धरून गाण्याला साथ करायची असेल, तर एवढे पैसे खर्च करायची घाई नको.

लेबल नीट वाचा. ‘सॉलिड टॉप’ म्हणजे फक्त पुढची फळी अखंड लाकडाची; कॉर्डोबाच्या २०टीएमची पाठ आणि बाजू लॅमिनेटच आहेत. नुसतं ‘महोगनी’ लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. कालाचं केए-१५सुद्धा महोगनीचंच, पण पूर्ण लॅमिनेट. खात्री करायची तर साउंड होलची (पुढच्या फळीवरच्या गोल भोकाची) कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर लाकूड अखंड, आडवे थर दिसले तर प्लाय. कडेला पट्टी किंवा रंग असेल, तर पाठीवरची एखादी ठळक रेष हेरा आणि टॉर्चने आतून त्याच जागी सापडते का ते बघा.

लाकडापेक्षा जास्त घोळ सेटअपमध्ये, म्हणजे तारांच्या उंचीच्या जुळवणीत असतो. ओपन (न दाबलेल्या) तारा ट्यूनरवर बरोबर लावून एफ कॉर्ड धरा. जी आणि ई या दाबलेल्या दोन तारा चढ्या लागत असतील तर नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) उंच आहे. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरची आडवी धातूची पट्टी) दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा. ती केसाएवढीच हवी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर असावी आणि तिथे दाबलेला सूर ओपन सुराच्या बरोबर वरच्या सप्तकातला लागावा. दहा सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा लागला तर ते वाद्य परत ठेवा. नट घासून घेता येतो, पण गिटारच्या कारागिराकडूनच. जास्त घासला गेला तर ओपन तार खरखरते आणि नटच बदलावा लागतो. नवीन तारा काही दिवस ताणत राहतात, त्यामुळे सूर उतरतो म्हणून खुंट्यांना दोष देऊ नका.

आता खरी अडचण: हवा. सॉलिड लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ठाणे-वाशीत पावसाळ्यात ती सहज ८० च्या वर जाते. फळी फुगते, ब्रिजच्या (फळीवर तारा बांधतात त्या पट्टीच्या) मागे पोट येतं, तारा उंच होतात आणि आवाज बसतो. उलट, रात्रभर एसी लावलेल्या खोलीत उघडं ठेवलं तर लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात. म्हणून हार्ड केस, आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) आणि सिलिका जेल एवढं बजेटमध्येच धरा. जेल नारिंगी घ्या (निळ्यात कोबाल्ट असतो), रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास वाळवून पुन्हा वापरा. आकडा ५० च्या खाली आला की मात्र पुडी काढून ठेवा. उन्हात उभ्या गाडीत वाद्य कधीच नको, ब्रिजचा गोंद सुटतो.

घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये भिंतीला टांगूनच ठेवायचं असेल, तर सीके-३५ घेऊ नका. आहे त्या लॅमिनेटला फ्लोरोकार्बन तारा लावा आणि नट नीट करून घ्या. निम्मा फरक तिथेच पडेल. येऊरच्या डोंगरात न्यायला एन्या नोव्हासारखं प्लास्टिकचं बरं, भिजलं तरी पुसून घेता येतं. केस बंद करायची सवय असेल तर सीके-३५ खुशाल घ्या.

हातात घेऊन तपासायचं तर आधी जवळच्या दुकानात मॉडेलचं नाव सांगून फोन करा. मिळालं नाही तर सीएसएमटीला उतरून धोबी तलावचं फुर्टाडोस हे वाद्यांचं दुकान चालत गाठता येतं. ट्यूनर आणि टॉर्च सोबत असू द्या. ऑनलाइन मागवलंत तर वरच्या सगळ्या तपासण्या परत करण्याची मुदत संपायच्या आत उरका.